आंब्याखालची लोळखुर्ची

"टॉवेलला बूड असतं का?"

हा प्रश्न मंदाताईंनी आयुष्यात किती जणांना विचारला असेल, देव जाणे. कधी टॉवेलच्या जागी रुमाल असायचा, कधी पर्स, कधी हेल्मेट, एकदा तर एका गृहस्थांची कवळीची डबी होती. प्रश्न मात्र तोच. विचारताना त्यांचा आवाज चढलेला नसायचा, चेहराही शांत असायचा. समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ती वस्तू उचलून, झटकून, नीट घडी घालून बाजूला ठेवलेली असायची आणि त्या जागेवर कोणीतरी माणूस बसलेलं असायचं. बहुतेक वेळा ते माणूस म्हणजे मंदाताई नसायच्या. पण रागावलेल्या लोकांच्या हे लक्षात यायचं नाही.

मंदाताई काकड इंदिरानगरात आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. अंगानं रुंद, चालताना दोन्ही गुडघे कुरकुरायचे, पण जिना चढताना कठड्याला हात लावायच्या नाहीत. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. टिकली मात्र ठळक लावायच्या. कोणी त्यावर काही बोललंच, तर "कपाळ माझं हाय" एवढं म्हणून पुढे जायच्या. मुलगा पुण्याला. तो घरी बोलवायचा, या जायच्या, आणि आठवडा उलटायच्या आत परत यायच्या. तिथं म्हणे लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही.

माहेर मखमलाबादचं. भावाचा मळा होता, आणि त्याचा छोटा टेम्पो बाजारातून परतताना आमच्या गेटशी थांबायचा. मग मंदाताई जिन्यातच बसकण मारून मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या आणि बिल्डिंगभर वाटायच्या. कोणाला काय द्यायचं हे त्या ठरवायच्या, त्यात अपील नव्हतं. माझ्या नशिबी कायम शेपू. मला शेपू आवडत नाही, असं एकदा धीर करून सांगून पाहिलं.

"आवडायला कोण सांगतंय सेक्रेटरी? तुमच्या पोटाला पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे गळके नळ, बंद पडलेली मोटर आणि मंदाताईंबद्दलच्या तक्रारी, हे सगळं माझ्याकडे यायचं. गणपतीत हॉलमध्ये कार्यक्रम असला की पुढच्या रांगेत आधी पर्सा येऊन बसायच्या आणि त्यांच्या मालकिणी सावकाश, आवरून सावरून. मंदाताई एकेक पर्स उचलून ज्यांची त्यांच्या हातात द्यायच्या. "धरा, दमली बसून बसून." रिकाम्या खुर्च्यांवर मागं उभ्या असलेल्या कामवाल्या बायका, वॉचमनची आई, अशी मंडळी जाऊन बसायची. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी गाडीची जागा धरायला रोज दोन विटा मांडून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा चौथ्या दिवशी त्या विटा मंदाताईंच्या गच्चीवरच्या कुंडीखाली सापडल्या. डॉक्टर माझ्याकडे आले. मी मंदाताईंकडे गेलो. त्यांनी मला चहा पाजला आणि कुंडीला आता कसा उतार छान मिळालाय ते दाखवलं.

हा हट्ट आला कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही जुड्या बांधता बांधता, मान वर न करता. त्यांची आई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन नदीकाठच्या बाजारात यायची. उजाडताच पोचायची, तरी सगळ्या चांगल्या जागा गेलेल्या असायच्या. माणूस कोणी नसायचं. नुसते दगड. एकेका दगडाखाली गोणपाटाचा तुकडा, म्हणजे ती जागा धरलेली. दगडाचा मालक ऊन वर आल्यावर यायचा. तोवर ही बाई उतारावर, चिखलात, पाटी कमरेवर धरून उभी.

"दगड बसलेला आन् माझी माय उभी," मंदाताई म्हणाल्या. "लय राग यायचा मला. दगड उचलून फेकावा वाटायचं. माय म्हणायची, नको गं, भांडण नको." मग त्यांनी जुडीला गच्च गाठ मारली आणि ती माझ्या हातात दिली. शेपूचीच होती.

त्यांच्या समोरच्या दाराला वैद्य राहायचे. वैद्यकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. उभं आयुष्य तिथल्याच कॉलनीत काढून निवृत्तीनंतर इंदिरानगरात आले. वैद्यबाई उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. घरात प्रत्येक डब्याचं झाकण घट्ट. आणि त्यांचा कायदा मंदाताईंच्या बरोबर उलटा होता. कॉलनीतून नाशिकरोडला बाजाराला जायची बस असायची. त्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा तुमची. तुम्ही खाली भाजीची पिशवी शोधत असा नाहीतर पोराला खाऊ घेत असा, रुमाल हलवायची कोणाची छाती नव्हती. "रुमाल हा शब्द असतो," असं वैद्यबाई म्हणायच्या, "आणि तो सगळे पाळायचे."

या दोघी एकमेकींच्या जिवाभावाच्या. हे कसं जमलं ते मला कधी कळलं नाही. सकाळी मंदाताईंची भाजीची पिशवी वैद्यांच्या कडीला, संध्याकाळी वैद्यबाईंच्या मेतकुटाची वाटी काकडांच्या ओट्यावर. दोन्ही दारं दिवसभर उघडी, आणि मधल्या जागेत बोलणं चालू. बोलणं म्हणजे मंदाताई बोलायच्या आणि वैद्यबाई "हो ना" म्हणायच्या.

दरवर्षी फेब्रुवारीत आमच्या सोसायटीची सहल दिंडोरी रस्त्यावरच्या एका रिसॉर्टला जाते. एक रात्र, दोन दिवस. चहूकडे द्राक्षाच्या बागा, काढणीचे दिवस, रस्त्यानं क्रेट भरलेले ट्रॅक्टर. मध्ये पोहण्याचा तलाव, आणि त्याच्या काठी त्या आडव्या खुर्च्या. रिसॉर्टवाले त्यांना सनबेड म्हणतात. मंदाताईंनी पहिल्याच वर्षी त्यांना लोळखुर्ची असं नाव दिलं आणि तेच चिकटलं. नाव सनबेड असलं, तरी आमच्याकडे ऊन अंगावर घ्यायला कोण बसतंय? भांडण असतं ते सावलीसाठी. तलावाच्या कडेला एकच आंबा आहे, त्या दिवसांत मोहोरलेला. त्याच्या सावलीत दोनच लोळखुर्च्या मावतात. त्यामुळे नाश्त्याच्या आधीच त्या दोन खुर्च्यांवर कोणाचे ना कोणाचे टॉवेल पडलेले असतात, आणि ज्यांचे टॉवेल ते आत पोहे खात असतात.

मंदाताईंसाठी हे म्हणजे रानच मोकळं होतं. पण त्यांचं खरं सुख पाण्यात. कालव्यावर पोहायला शिकलेली ही बाई. तलावात उतरायचं तर नायलॉनचे कपडे सक्तीचे, असं मॅनेजरनं सांगितलं तेव्हा सगळ्या बायका काठावरच पाय सोडून बसल्या. मंदाताई खोलीत गेल्या आणि नातवाची फुटबॉलची जर्सी आणि मुलाची ट्रॅकपँट घालून आल्या. पाठीवर मोठा दहा नंबर. "हे नायलॉन हाय, हात लावून बघा," असं मॅनेजरला म्हणाल्या. त्यानं अर्थातच हात लावला नाही. मग त्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरल्या, आणि मान वर ठेवून, थेंबही न उडवता, या टोकाकडून त्या टोकाला गेल्या. जमिनीवर कुरकुरणारे गुडघे पाण्यात एकदम गप्प. वैद्यबाई काठावरून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक मला अजून आठवतं.

पुढच्या एका सहलीला ते झालं.

वैद्यकाकांचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. साध्या खुर्चीत त्यांना टेकता यायचं नाही, पाठ अर्धवट कललेली लागायची. प्रवास नकोच, असं मुलगी सांगत होती. पण काकांनीच हट्ट धरला. सगळी नोकरी बॉयलरच्या धगीत गेली, एक दिवस पाण्याजवळ सावलीत पडून राहायचंय, असं ते म्हणाले. ते फारसं काही मागणारे नव्हते. म्हणून वैद्यबाईंनी सकाळीच आंब्याखालची लोळखुर्ची पुसली, तिची पाठ काकांना हवी तेवढी कललेली ठेवली, वर निळा टॉवेल अंथरला, आणि त्यांना अंघोळ घालायला खोलीत गेल्या. आजारी माणसाचं आवरायचं म्हणजे वेळ लागतोच.

इकडे ऊन तापलं. मुंबईहून आलेल्या एका घोळक्यातली एक तरुण बाई तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. बाळ रडत होतं. सावलीतल्या दोन्ही लोळखुर्च्यांवर टॉवेल. मंदाताईंनी थोडा वेळ बघितलं. मग त्यांनी निळा टॉवेल उचलला, झटकला, घडी घालून झाडाच्या बुंध्याशी ठेवला. "बस बाई," त्या म्हणाल्या. "टॉवेलला बूड असतं का?"

ती बसली. बाळ झोपलं.

वैद्यकाका काठी टेकत आले ते मी पाहिलं. बरोबर बाई होत्या. काका खुर्चीपाशी थांबले, त्या झोपलेल्या बाळाकडे पाहिलं. वैद्यबाई काहीतरी बोलणार, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "असू दे. बाळ झोपलंय." मग ते सावकाश तलावाच्या कडेपर्यंत गेले, काठीचं टोक पाण्यात बुडवलं, जरासं हलवलं, आणि मागे फिरले. बाकीचा दिवस त्यांनी खोलीत पडदा ओढून काढला. दुखायला लागलं होतं.

मंदाताई तेव्हा पाण्यात होत्या. बाहेर आल्यावर त्यांना कळलं. तशाच ओल्या अंगानं त्या खोलीकडे धावल्या.

"अहो वहिनी, तुमचा टॉवेल हाय हे मला सांगायचं ना! मला काय माहीत?"

वैद्यबाई दारात उभ्या होत्या. "टॉवेल होता ना तिथे," त्या म्हणाल्या. "आणखी काय सांगायचं असतं?" आणि दार लावून घेतलं. जोरात आपटलं वगैरे नाही. नुसतं लावलं.

काका त्याच पावसाळ्यात गेले. आजारानंच गेले, खुर्चीनं नव्हे, हे सगळ्यांना कळत होतं. वैद्यबाईंनाही. पण ते त्यांचं शेवटचं बाहेर पडणं ठरलं. "एवढं एकच मागितलं होतं त्यांनी," असं त्या माझ्या बायकोजवळ म्हणाल्या, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. काका गेले त्या दिवशी मंदाताईंनी पिठलं-भात करून नेला. मुलीनं तो आत घेतला. वैद्यबाई बाहेर आल्या नाहीत. मंदाताई जिन्यात माझी वाट बघत थांबल्या होत्या.

"खाल्लं का तिनं?"

मला माहीत नव्हतं. "खाल्लं असेल," मी म्हणालो.

समोरचं दार आता बंद असायचं. मंदाताई टेम्पो आला की पिशवी कडीला अडकवायच्याच. ती तिथं दुपारपर्यंत लटकायची, मग वैद्यांची कामवाली ती आत न्यायची. त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत पर्सा आरामात बसल्या. मंदाताई शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. कोणाची पर्स उचलली नाही, कोणाला काही विचारलं नाही. आमच्यातल्या काहींना बरं वाटलं असेल. मला मुळीच बरं वाटलं नाही. त्या दिवशी मला कळलं, की हे या बाईच्या किती आत गेलंय.

पुढची सहल जवळ आली तेव्हा मंदाताई माझ्याकडे आल्या. "सेक्रेटरी, त्यांना विचारा येतात का. मी विचारायला लावलं असं नका सांगू."

मी विचारलं. वैद्यबाई म्हणाल्या, "बघते. मुलीला वेळ असला तर दुपारी येईन थोडा वेळ. नक्की नाही."

मी जसंच्या तसं सांगितलं. मंदाताईंनी त्यातलं 'दुपारी येईन' एवढंच ऐकलं.

सहलीच्या सकाळी मी चहा घेऊन तलावाकडे गेलो आणि चाटच पडलो. आंब्याखालच्या लोळखुर्चीवर कोरा करकरीत टॉवेल अंथरलेला होता, चारी कोपरे नीट ओढलेले, आणि शेजारी मंदाताई उभ्या होत्या. सोसायटीच्या लोकांना ही पर्वणीच. डॉक्टर तर विटांचा सूड उगवायलाच आल्यासारखे आले.

"काय मंदाताई, टॉवेलला बूड असतं का?"

सगळे हसले. मंदाताई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"नाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी उभी हाय."

आणि खरंच उभ्या राहिल्या. गुडघे दुखत होते, हे त्या सारख्या पाय बदलत होत्या त्यावरून दिसत होतं. मी म्हणालो, "अहो, तोवर तुम्ही तरी बसा तिच्यावर."

"मी बसले तर ती माझी झाली. ती त्यांची हाय."

सकाळ सरली. सगळ्यात आधी पाण्यात उतरणारी बाई अंगात जर्सी घालून कोरडी ठणठणीत उभी. शेजारची लोळखुर्ची आधीच कोणीतरी घेतलेली होती. मुंबईचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, "आजी, कोणीच नाहीये तर वापरू द्या ना." त्या म्हणाल्या, "येणार हाय." "कधी?" "येईल तेव्हा." गृहस्थांनी मॅनेजरला आणलं. मॅनेजरनं भिंतीवरची पाटी दाखवली, की माणूस नसताना खुर्ची अडवून ठेवू नये. मंदाताई म्हणाल्या, "मी काय दिसत नाय का तुम्हाला?" दहा नंबरची जर्सी न दिसणं अवघड होतं. मॅनेजर निघून गेला.

खरी पंचाईत पुढे झाली. त्या गृहस्थांची म्हातारी आई उन्हात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर ओढून नुसती सावलीकडे बघत राहिली. मंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग टॉवेलकडे. मग मान खाली घातली. आयुष्यभर ज्यांच्यासाठी ही बाई भांडली, त्यांच्यातलंच एक माणूस समोर उभं, आणि आज ही स्वतःच दगड ठेवून बसलेली.

"सेक्रेटरी, इथं उभे ऱ्हा. हलू नका," मला असं बजावून त्या लंगडत जेवणाच्या मांडवाकडे गेल्या. तिथून एक प्लास्टिकची खुर्ची आणि दोन उशा उचलून आणल्या, खुर्ची आंब्याच्या बुंध्याला लावली, उशा मागे लावल्या, आणि म्हातारीला हाताला धरून बसवलं. म्हातारी टेकली. मंदाताई तिच्याकडे बघत राहिल्या.

"मागच्या साली त्या पोरीला आशीच खुर्ची आणून दिली असती," त्या हळूच म्हणाल्या. "का नाय सुचलं मला?" डोळे पुसले नाहीत. तसेच वाहू दिले.

जेवणं झाली. मुंबईची मंडळी सामान आवरून निघाली, म्हातारी जाताना मंदाताईंच्या गालावरून हात फिरवून गेली. दुपार कलायला लागली. कोणी येणार नाही, असं मला वाटायला लागलं होतं. एवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली, आणि फिकट साडीतल्या वैद्यबाई मुलीचा हात धरून उतरल्या.

त्या आंब्यापर्यंत आल्या. टॉवेल पाहिला. मंदाताईंना पाहिलं.

"या," मंदाताई म्हणाल्या. "टॉवेल टाकलाय तुमच्यासाठी."

वैद्यबाई बराच वेळ त्या टॉवेलकडे बघत होत्या. मग बसल्या. मागे टेकल्या. खुर्चीची पाठ काकांना लागायची तेवढीच कललेली होती, हे त्यांना टेकल्याबरोबर कळलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ओठ घट्ट दाबले. वरून मोहोर त्यांच्या साडीवर गळत होता.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "सकाळपासून उभी आहेस?" त्यांनी विचारलं. वैद्यबाईंनी मंदाताईंना अगं-तुगं केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग कमरेचा रुमाल काढून त्यांनी शेजारच्या रिकाम्या झालेल्या लोळखुर्चीवर टाकला. "बस गं मंदा."

"बसते," मंदाताई म्हणाल्या. "आधी पाण्यात जाऊन येते. सकाळधरनं गेले नाय."

त्या तलावाच्या पायऱ्या उतरल्या. उन्हात पाणी चमकत होतं, आणि त्यात मान वर धरून, थेंबही न उडवता, त्या पलीकडच्या टोकाला निघाल्या. नवीन आलेल्या एका माणसानं रुमालाकडे बोट दाखवून वैद्यबाईंना काही विचारलं.

"आहेत त्या," वैद्यबाई म्हणाल्या. "पाण्यात आहेत."

माझ्या डोळ्यांपुढे मंदाताई येतात त्या अशाच. दूर जाणारं पांढरं डोकं, आणि पाण्याखाली हलणारा दहा नंबर. दिवाळीनंतर त्या झोपेतच गेल्या. पिठलं-भात वैद्यबाईंनी केला.

यंदाच्या सहलीला वैद्यबाई सकाळपासून आल्या होत्या. आंब्याखाली लोळखुर्चीवर बसल्या आणि सवयीनं कमरेचा रुमाल काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. आमच्यापैकी कोणीही तिकडे फिरकलं नाही. डॉक्टरही नाहीत. ऊन वर आलं तेव्हा बाहेरगावची एक बाई, हातात पोराची बॅग, घामानं थबथबलेली, तिथं येऊन थांबली.

"काकू, इथे कोणी आहे का?"

वैद्यबाईंचा हात रुमालावर गेला. त्यांनी तलावाकडे पाहिलं. पाण्यात पोरं चेंडू खेळत होती. त्या बघतच राहिल्या, इतका वेळ की ती बाई ओशाळून निघायला लागली. मग वैद्यबाईंनी रुमाल उचलला, झटकला, त्याची नीट घडी घातली आणि कमरेला खोचला.

"बसा," त्या म्हणाल्या. "इथे कुणी नाही."